आधी कुणाचे देणे?



१७ एप्रिल २०१९ ही तारीख सांगितली तर आपल्यापैकी फार थोड्यांना काही आठवेल. तो पवित्र आठवड्यातला बुधवार होता. दुसऱ्या दिवशी पवित्र गुरुवार. पाय धुण्याच्या विधीसाठी बारा जणांची नावे ठरली होती, गायकवृंदाचा शेवटचा सराव चालला होता. त्या रात्री अमृतसरहून मुंबईकडे निघालेले जेट एअरवेजचे विमान हे त्या कंपनीचे शेवटचे उड्डाण ठरले. मे १९९३ मध्ये सुरू झालेली, एकेकाळी देशातल्या आघाडीच्या खासगी विमान कंपन्यांत गणली जाणारी ही कंपनी त्या रात्री थांबली. वीस हजारांच्या आसपास माणसांची रोजीरोटी तिच्यावर होती. त्यांचा ईस्टर कसा गेला असेल, याचा विचार त्या आठवड्यात आमच्या मनाला शिवला नाही. आम्ही पुनरुत्थानाच्या मिस्सेचे प्रवचन लिहिण्यात गुंतलो होतो.

हा विचार आमच्यापर्यंत पोहोचला तो बऱ्याच उशिरा, आणि एका माणसाच्या रूपाने. बंद पडलेल्या एका विमान कंपनीत (कोणत्या ते सांगण्याचे कारण नाही) एकोणीस वर्षे जमिनीवरचे काम केलेले हे गृहस्थ. बॅगांचे वजन, चाकाच्या खुर्च्या, विमान उशिरा सुटले की प्रवाशांची बोलणी, हे त्यांचे आयुष्य. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ते आमच्या कार्यालयात आले होते. संत विन्सेंट दी पॉल सोसायटीच्या वतीने आम्ही त्यांच्या हाती एक पाकीट ठेवले आणि दोन धीराचे शब्द बोललो. त्यांनी पाकीट खिशात ठेवले, उठले, दारापाशी थांबले आणि म्हणाले, "फादर, रागावू नका. पण बँकेचं कर्ज म्हणजे देणं, आणि माझा पगार मात्र मदत. असं कसं?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञानाची पदवी घेताना न्याय या विषयावर आम्ही पानेच्या पाने लिहिली होती. गुणही बरे मिळाले होते. पण तो प्रश्न परीक्षेत आला नव्हता. आज तो आपल्यापुढे मांडत आहोत.

आधी काय घडले ते थोडक्यात पाहू. जेटच्या डोक्यावर बँकांचे आठ हजार कोटी रुपयांहून अधिक कर्ज होते. २००७ मध्ये तिने एअर सहारा ही कंपनी विकत घेतली, ते ओझे ठरले. पुढे स्वस्त तिकिटांची स्पर्धा वाढली, इंधन महागले, रुपया घसरला. वैमानिक, अभियंते आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगार २०१९ च्या सुरुवातीपासूनच रखडले. मार्चचा पगार इतरांनाही मिळाला नाही. मार्चअखेर संस्थापक अध्यक्ष पायउतार झाले. एप्रिलमध्ये तातडीच्या खर्चासाठी मागितलेले काहीशे कोटी द्यायला बँका तयार झाल्या नाहीत आणि विमाने जमिनीवर उतरली. जूनमध्ये प्रकरण मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे गेले. २०२१ मध्ये कंपनी पुन्हा उभी करण्याची एक योजना मंजूर झाली, पण बँका आणि नवे मालक यांच्यातच कज्जे सुरू राहिले. अखेर ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढून जे मिळेल ते देणेकऱ्यांत वाटण्याचा आदेश दिला. साडेपाच वर्षे! बाप घरी बसला तेव्हा पाचवीत असलेले मूल एव्हाना दहावी पार करून गेले.

हे पहिल्यांदाच घडले असेही नाही. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, तेव्हा तिथल्या अनेक कर्मचाऱ्यांनी सात-सात महिने पगाराचे तोंड पाहिले नव्हते. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली. तिची विमाने भाडेपट्ट्याची होती. मूळ मालक दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२४ मध्ये पन्नासहून अधिक विमाने परत नेण्याचा त्यांचा मार्ग मोकळा झाला. विमान उडून जाऊ शकते. माणूस आपले घर, आजारी आई, गृहकर्ज आणि मुलांची शाळा घेऊन जिथल्या तिथे राहतो.

विमान कंपनीच्या नोकरीबद्दल आपल्याकडे एक विशेष भावना आहे. सहार गावठाणातल्या ख्रिस्ती माणसांना विमानतळ परका नाही. त्यांच्या गावाच्या नावानेच तो वर्षानुवर्षे ओळखला गेला. मरोळपासून वसईपर्यंतच्या घरांतून कुणी ना कुणी विमानतळावर नोकरीला असल्याचे आपण पाहत आलो. इंग्रजी बोलणारी, नीटनेटकी पोरे. गणवेशातला फोटो दिवाणखान्यात, आणि लग्नाच्या बोलणीत त्या नोकरीचे वजन. म्हणूनच की काय, ती नोकरी गेल्यावर मिस्सेनंतर मंदिराच्या आवारात आम्ही एक वाक्य ऐकले, "एवढी वर्षं फुकट विमानात फिरले, आता कळू दे!" भाविकांनो, असे बोलणाऱ्याला आम्ही तेव्हा टोकले नाही, हे आमचे चुकले. ज्याचा पगार मोठा त्याचे दुःख खोटे, असा काही नियम नाही. हेही खरे की सगळ्यांना सारखा फटका बसला नाही. वैमानिक दुसऱ्या कंपनीत कमी पगारावर का होईना लागला. ठरावीक जातीच्या विमानाचाच परवाना असलेल्या अभियंत्याला अधिक शोधावे लागले. पंचेचाळिशीतली हवाई सुंदरी आणि कंत्राटावरचा लोडर यांना कुणी विचारले नाही.

आता त्या प्रश्नाकडे येऊ. कंपनी बुडते तेव्हा देणी पुष्कळ आणि पैसा थोडा असतो. सगळ्यांचे सगळे देता येत नाही. मग आधी कुणाचे द्यायचे? आपल्या देशाच्या २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याने याची एक रांगच लावून दिली आहे. कंपनी मोडीत निघाली की सर्वांत आधी त्या प्रक्रियेचाच खर्च भागवायचा, त्यात वकील-हिशेबनीस आले. त्यानंतर कामगारांची चोवीस महिन्यांपर्यंतची देणी आणि तारण घेऊन कर्ज देणाऱ्या बँका, दोघे एकाच पायरीवर. त्याखाली कामगार या व्याख्येत न बसणाऱ्या कर्मचाऱ्यांचा बारा महिन्यांपर्यंतचा पगार. मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकारी देणी, आणि अगदी शेवटी भागधारक. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीची गोष्ट वेगळी. ती कर्मचाऱ्याचीच ठेव मानली जाते. जेटच्या कर्मचाऱ्यांना ती पूर्ण द्यावी, असे अपील न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितले आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात बदल केला नाही.

म्हणजे कायद्याने कामगाराला अगदीच वाऱ्यावर सोडले आहे असे म्हणता येणार नाही. पण रांग नीट पाहिली की आमच्या त्या गृहस्थांचा प्रश्न पुन्हा समोर येतो. या रांगेत सगळे 'देणेकरी' म्हणून उभे आहेत, जणू सगळ्यांनी सारखीच वस्तू दिली होती. तशी दिली होती का?

बँकेने पैसे दिले. देण्याआधी कागदपत्रे पाहिली, ताळेबंद तपासला, तारण घेतले, व्याज ठरवले. त्या व्याजात धोक्याची किंमतही धरलेली असते. बुडण्याची शक्यता तिने आधीच मोजलेली असते, निदान मोजायला हवी होती. कर्मचाऱ्याने महिनाभर काम केले आणि पगार महिनाअखेर घ्यायचा होता, म्हणून तो तीस दिवसांपुरता धनको झाला. त्याने कर्ज दिले नाही. त्याच्याकडून ते घेतले गेले. त्याने ताळेबंद पाहिला नाही, तारण मागितले नाही, व्याज ठरवले नाही. आणि दिले काय? पहाटे तीनला उठून केलेली ड्यूटी, नाताळच्या रात्री विमानतळावर काढलेले तास, मुलाच्या प्रथम कम्युनियनला न मिळालेली सुट्टी. बँकेचे बुडालेले पैसे दुसऱ्या ठिकाणाहून भरून काढता येतात. हे तास कुठूनही परत आणता येत नाहीत.

ॲरिस्टॉटलने न्यायाचे दोन प्रकार वेगळे केले आणि संत थॉमस अक्वायनस यांनी ते पुढे नेले. एक देवाणघेवाणीचा न्याय : जेवढे घेतले तेवढे द्या. दुसरा वाटपाचा न्याय : जे आहे ते प्रत्येकाच्या वाट्याप्रमाणे वाटा. पगार हा पहिल्या प्रकारात येतो. घेतलेल्या कामाचा मोबदला देणे ही दया नव्हे आणि वाटपही नव्हे. घेतलेली वस्तू परत करण्यासारखेच ते आहे. कंपनी बुडाली की आपण नकळत पगाराला पहिल्या खोलीतून उचलून दुसऱ्या खोलीत ठेवतो. 'जे उरले आहे त्यात तुमचा वाटा किती' अशी भाषा सुरू होते. आणि तिथूनही घसरत घसरत तो तिसऱ्या खोलीत जातो, जिथे धर्मगुरू पाकीट घेऊन उभा असतो. त्या गृहस्थांनी दारात उभे राहून नेमके हेच आम्हाला सांगितले होते. पाकीट देणे चुकीचे नव्हते. पण ते देताना आम्हाला जे समाधान वाटले, ते चुकीच्या जागी होते.

यावर आपल्यातले बँकेत काम करणारे भाविक म्हणतील, "फादर, बँकेचा पैसा म्हणजे कुणाचा पैसा? तुमच्या-आमच्या ठेवीच ना?" बरोबर आहे. जेटला कर्ज देणाऱ्यांत सरकारी बँका पुढे होत्या आणि त्यांच्या ठेवीदारांत आपल्या गावातली विधवाही आहे. कामगाराला नेहमीच बँकेच्या पुढे उभे केले तर बँका कर्ज देताना हात आखडतील, कंपन्या निघणार नाहीत, नोकऱ्याही मिळणार नाहीत. या म्हणण्यात तथ्य आहे आणि आम्ही ते झटकून टाकत नाही. पण ठेवीदार आणि तो कर्मचारी यांच्यामध्ये एक पूर्ण संस्था उभी आहे. बँकेचे एक कर्ज बुडाले म्हणून त्या विधवेच्या पासबुकातला आकडा त्या महिन्यात बदलत नाही. कर्मचाऱ्याच्या आणि त्या बुडण्याच्या मध्ये मात्र कुणीच उभे नसते. पाणी पहिल्यांदा त्याच्याच घरात शिरते.

आणि पगाराला पुढे उभे करणे अशक्य आहे का? समुद्राकडे पाहा. गोव्यातून आणि आपल्या किनाऱ्यावरून किती तरुण बोटीवर जातात. समुद्राच्या कायद्यात खलाशाच्या पगाराचा हक्क थेट जहाजावर बसतो. मालकाने पगार थकवला तर न्यायालयात जाऊन जहाज अडवता येते. ते विकले गेले तर जप्ती-विक्रीचा खर्च वजा जाता खलाशाचा पगार जहाज गहाण ठेवून कर्ज देणाऱ्या बँकेच्याही आधी येतो. आपल्या संसदेने २०१७ मध्ये समुद्री दाव्यांसाठी केलेल्या कायद्यातही हाच क्रम आहे. तरीही बँकांनी जहाजांना कर्ज देणे थांबवलेले नाही. कायदा असूनही पगाराविना बंदरात अडकून पडलेले खलाशी असतात, हे आम्हाला ठाऊक आहे. कागदावरचा हक्क आपोआप हातात पडत नाही. पण निदान कागदावर तरी तो पहिला आहे. जेटच्या कर्मचाऱ्यांना विमान अडवून पगार वसूल करता आला नाही. त्यांनी फलक हाती घेतले, मोर्चे काढले, कंपनी वाचवा म्हणून विनवले. पगार द्या म्हणण्याच्या आधी कंपनी वाचवा म्हणाले, हे लक्षात घ्या.

त्या निष्ठेबद्दल थोडे बोलायला हवे, कारण इथे आमचेच मन दुभंगते. पगार नसताना महिनोन्महिने कामावर जाणे हा सद्गुण की भाबडेपणा? आम्ही प्रवचनात निष्ठेची थोरवी सांगतो. पण निष्ठेला दोन टोके असतात. ऑक्टोबर २००८ ची गोष्ट जुन्या लोकांना आठवत असेल. जेटने तडकाफडकी सुमारे एकोणीसशे जणांना कामावरून काढले. गणवेशातल्या मुली रस्त्यावर रडताना साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिल्या. राजकीय पक्षांनी आवाज उठवला आणि एका दिवसात कंपनीने सगळ्यांना परत घेतले. ती अश्रू पाहून झोप लागली नाही, अशा अर्थाचे काही अध्यक्षांनी तेव्हा सांगितले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही मनातून वाजवल्या. त्या भावनेच्या खरेपणावर शंका घेण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण आज वाटते, मालकाच्या झोपेवर ज्यांची नोकरी अवलंबून होती त्यांचा हक्क तो काय? २०१९ मध्ये परत घ्यायला कुणी नव्हते. दया ही देणाऱ्याच्या मनात राहते, मन बदलले किंवा माणूस गेला की तीही जाते. त्या कर्मचाऱ्यांची निष्ठा मात्र कंपनीला रोखीसारखी उपयोगी पडली. जो महिना त्यांनी बिनपगारी काम केले, त्या महिन्यात विमाने उडाली, तिकिटे विकली गेली, इंधनवाल्याचे पैसे भागले. इंधनवाला उधारीवर थांबायला तयार नव्हता, म्हणून.

आम्हाला वाटते, साऱ्या गोष्टीची मेख इथे आहे. बुडत्या कंपनीत आधी कुणाचे दिले जाते? जो थांबत नाही त्याचे. जो नळ बंद करू शकतो त्याचे. जो 'आपलाच' आहे, जो समजून घेईल, त्याला थांबवले जाते. विश्वास हाच मग त्याचा तोटा होतो.

शास्त्र या बाबतीत नेमके उलटे बोलते. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी देण्याची आज्ञा आहे, आणि कारण दिले आहे ते असे की तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीवर टांगलेला असतो. म्हणजे ज्याला थांबणे सर्वांत जड, त्याचे सर्वांत आधी. मत्तयच्या विसाव्या अध्यायातल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यावर आम्ही निदान वीस वेळा प्रवचन केले असेल. शेवटी आलेल्याला सारखीच मजुरी का, यावरच दरवेळी बोललो. त्या मालकाने सगळ्यांना त्याच संध्याकाळी पैसे दिले, ही गोष्ट आमच्या नजरेतून सुटत राहिली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झेर्चेन्स' या परिपत्रकात श्रमाला भांडवलाच्या आधीचे स्थान दिले. आम्ही ते परीक्षेसाठी वाचले होते.

एवढे सगळे लिहून झाल्यावर दुसऱ्यांकडे बोट दाखवून थांबता आले असते. पण एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख खोटा ठरेल.

काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. सणाआधी मंदिराच्या आवाराची भिंत बांधून घेतली. गवंडी धर्मग्रामातलाच, रोज सकाळच्या मिस्सेला येणारा. सण झाला, वर्गणी अपेक्षेपेक्षा कमी जमली. समितीची बैठक बसली. मंडपवाल्याचे दिले, कारण पुढच्या वर्षी तो येणार नाही म्हणाला. बँडवाल्याचे दिले, तो दारात येऊन बसला होता. छापखान्याचे दिले. गवंड्याचा विषय निघाला तेव्हा कुणीतरी म्हणाले, "तो आपलाच आहे, थांबेल." आम्ही मान डोलावली. तो थांबला. चार महिने थांबला. दर रविवारी मागच्या बाकावर बसायचा, कम्युनियन घ्यायचा आणि आमच्याकडे न पाहता निघून जायचा. त्याने एकदाही पैसे मागितले नाहीत आणि आम्ही ते भक्तिभावाचे लक्षण समजलो. त्याच्याकडे हाताखाली दोन मजूर होते, त्यांची मजुरी त्याने बायकोची बांगडी मोडून दिली होती, हे आम्हाला बदलीच्या वेळी निरोपसमारंभात दुसऱ्याकडून कळले. तोवर पैसे दोन हप्त्यांत देऊन झाले होते. बांगडीचे काय झाले ते आम्ही विचारले नाही. विचारायला तोंड नव्हते.

त्या वहीत देण्याच्या क्रमाखाली आमचीच सही आहे.

गेल्या शनिवारी संध्याकाळी आमचे खजिनदार या महिन्याच्या देण्यांची यादी घेऊन आले. वीजबिल, जनरेटरवाला, मेणबत्त्या, ध्वनिक्षेपकाची दुरुस्ती, हॉलची रंगरंगोटी. नवव्या ओळीत मंदिराची झाडलोट करणाऱ्या बाईंचे नाव होते, पुढे 'दोन महिने बाकी' असे लिहिलेले. आम्ही विचारले, "हे नववे का?" ते जरा गोंधळले. म्हणाले, "फादर, त्या काही बोलत नाहीत."

त्यांचे पैसे त्याच संध्याकाळी दिले. जनरेटरवाल्याचे अजून द्यायचे आहेत, तो मंगळवारी येणार आहे.